दोन कॉम्प्युटरची गाठभेट

आपल्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, की ज्याला जे चांगले येते त्याने ते लिहून आणावे. कोणी गाईची धार कशी काढावी ते लिहिले, कोणी आकाशकंदील लिहिला. मला गोधडीचा टाका नीट येत नाही आणि चित्रही येत नाही. पण जुन्या कॉम्प्युटरवरचा खेळ दोन कॉम्प्युटर जोडून कसा खेळायचा आणि जुळत नसेल तर काय बघायचे, हे मला येते. म्हणून मी ते लिहीत आहे.

माझा चुलतदादा तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्याने दोन जुने कॉम्प्युटर घरी आणले होते. एक पांढरा, त्यात विंडोज एक्सपी आहे. दुसरा काळा, त्यात विंडोज दहा आहे. दादाने मला दुसरीत असतानाच शब्द दिला होता, की आपण दोघं एकदा समोरासमोर बसून खेळू. पण दादाला वेळ नसायचा. मग २०२४ च्या दिवाळीत कळले, की दादाला पुण्यात नोकरी लागली आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी तो जाणार. बाबा म्हणाले, "मग ही डबडी भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा अडलीय." मला रडूच आलं. दादा म्हणाला, "थांबा काका, भाऊबीजेपर्यंत चालू करून दाखवतो." म्हणजे आमच्याकडे पाचच दिवस होते.

खेळाचे नाव एज ऑफ एम्पायर्स दोन. तो १९९९ साली निघाला. त्याचा पुढचा भाग द कॉन्करर्स २००० साली निघाला. हा खेळ अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने बनवला. सुरुवातीला आपल्याला एक मोठे घर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार मिळतो. मग मेंढरं शोधायची, लाकूड तोडायचे, शेत करायचे आणि गाव वाढवायचे. लढाई नंतर असते. मला शेत करायलाच आवडते. यात आठ जण एकत्र खेळू शकतात. मात्र प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर लागतो आणि सगळे कॉम्प्युटर वायरीने जोडावे लागतात. त्याला लॅन म्हणतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

ऐकायला सोपे वाटते. पण आमचे चार दिवस गेले. कशात गेले ते आता क्रमाने सांगते.

पहिली अडचण वायरीची

वसुबारसेला दादाने वायर जोडली. वायर जिथे खोचतात तिथे एक बारीक दिवा असतो. तो लागला तर समजायचे की वायर पोचली. आमचा दिवा लागलाच नाही. वायर तर नवी होती.

दादाने समजावून सांगितले. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात. काही तारा बोलायच्या आणि काही ऐकायच्या. साधी वायर कॉम्प्युटरपासून मधल्या डब्याला लावायची असते. त्या डब्याला स्विच म्हणतात. आमच्याकडे स्विच नव्हता, वायर सरळ या कॉम्प्युटरातून त्या कॉम्प्युटरात गेली होती. त्यामुळे याच्या तोंडासमोर त्याचे तोंड आणि याच्या कानासमोर त्याचा कान आला. आपण काड्यापेटीचा फोन करतो, तेव्हा दोघांनीही पेटी तोंडाला लावली तर कोणालाच काही ऐकू येत नाही. तसेच ते झाले.

मग दादाने वायरीचे एक टोक कापले आणि तारा अदलाबदल करून नवी पिन दाबली. एका टोकाला नारिंगी जोडी पहिल्या दोन जागी होती. दुसऱ्या टोकाला त्या जागी हिरवी जोडी घातली आणि हिरवीच्या जागी नारिंगी. बाकीच्या चार तारा तशाच ठेवल्या. हिला क्रॉस वायर म्हणतात. दाबल्याबरोबर दिवा लागला. नवीन कॉम्प्युटरला अशी वायर लागत नाही, तो आपण होऊन तोंड कुठे आणि कान कुठे ते ओळखतो. आमचे दोन्ही जुने होते.

दुसरी अडचण पत्त्याची

दिवा लागला तरी खेळ एकमेकाला दिसेना. पांढऱ्यावर खेळ मांडला, की काळ्यावरची यादी रिकामीच. दादाने काळी खिडकी उघडून त्यात आयपीकॉन्फिग असे लिहिले. मग कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो. पांढऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.५ होता. तो पूर्वी जिथे होता तिथल्या लोकांनी घालून ठेवलेला होता. काळ्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. असा पत्ता दिसला तर समजायचे, की कॉम्प्युटरला कोणी पत्ता दिलाच नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला.

मला काही कळंना. तेव्हा आबा खाटेवर बसले होते. आमचे आबा गावचे कोतवाल होते आणि पूर्वी ते दवंडी द्यायचे. दादा म्हणाला, "हे बघ, खेळ मांडला की दुसरा कॉम्प्युटर दवंडी देतो, की कोणी खेळ मांडलाय का हो? ज्याने मांडलाय तो ओ देतो. आबा, तुमची दवंडी शेजारच्या गावात ऐकू जायची का?" आबा म्हणाले, "कशी जाईल? दवंडी वेशीच्या आत. त्यांच्या गावाला त्यांचा कोतवाल."

कॉम्प्युटरचं पण तसंच असतं. पत्त्यात चार आकडे असतात. आमच्यासारख्या ठिकाणी पहिले तीन आकडे म्हणजे गाव आणि शेवटचा आकडा म्हणजे घर. आमचे दोन कॉम्प्युटर एका वायरीवर होते खरे, पण दोन गावांत होते. दादाने पांढऱ्याला १९२.१६८.१.१० आणि काळ्याला १९२.१६८.१.११ असा पत्ता दिला. गाव एक, घरे दोन. दोन्हीकडे खालच्या रकान्यात २५५.२५५.२५५.० लिहायचे. गाव कुठपर्यंत आणि घर कुठून, ते त्यावरून ठरते. हे आकडे कॉम्प्युटरात इंग्रजीत टाकायचे, मराठीत टाकले तर तो घेत नाही. दोघांना एकच शेवटचा आकडा द्यायचा नाही, नाहीतर पोस्टमन गोंधळेल.

तिसरी अडचण माझ्यामुळे आली

हे लिहायला मला लाज वाटते, पण खरे लिहायचे असे बाईंनी सांगितले आहे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दादाने काळ्या कॉम्प्युटरात डायरेक्टप्ले चालू केले होते. डायरेक्टप्ले म्हणजे विंडोजचा एक जुना भाग. हे जुने खेळ एकमेकांशी त्याच्यामार्फत बोलतात. विंडोज दहामध्ये तो भाग असतो पण बंद ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्सच्या यादीत जाऊन लेगसी कंपोनंट्सच्या खाली डायरेक्टप्लेपुढे खूण करावी लागते. ते करून दादा बाजाराला गेला. मला राहवेना. मी एकटीनेच काळ्यावर खेळ मांडला. खेळ पूर्ण पडदाभर दिसतो. तो बंद केला तेव्हा त्याच्या मागे एक छोटी खिडकी लपलेली दिसली. सगळं इंग्रजीत. मी घाबरले आणि कॅन्सल दाबून टाकलं. कोणाला सांगितलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दादा सकाळपासून बसला होता. काळी खिडकी उघडून पिंग लिहायचे आणि पुढे दुसऱ्याचा पत्ता लिहायचा, म्हणजे हाक मारल्यासारखे होते. काळ्यावरून पांढऱ्याला हाक मारली, तर ओ आली. पांढऱ्यावरून काळ्याला मारली, तर ओ नाही. चार वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट असे आले, म्हणजे वाट बघून वेळ संपला. दादाने वायर पुन्हा तपासली, पिन पुन्हा दाबली. जेवायला पण उठला नाही.

मी म्हटलं, "दादा, हाक जाऊन ओ परत आली म्हणजे वायर दोन्हीकडून चांगली आहे ना?" दादा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बरोबर. वाट चांगली आहे. काळ्याचं दार बंद आहे." मग त्याने विचारलं, "काल कोणी काही दाबलं का?" तेव्हा मी रडत सगळं सांगितलं.

मला वाटलं दादा मारणार. तो म्हणाला, "चूक सांगितली की निम्मी दुरुस्ती होते. काल सांगितली असतीस तर आज दुपारची पुरणपोळी गरम खाल्ली असती."

ती छोटी खिडकी फायरवॉलची होती. फायरवॉल म्हणजे दारावरचा राखणदार. बाहेरून कोणी आले तर तो विचारतो, याला आत घ्यायचे का? कॅन्सल दाबले की तो खेळाला आत येऊ न देण्याचे कायमचे लिहून ठेवतो. पुन्हा विचारत नाही. आणि खेळ पडदाभर असल्यामुळे तो प्रश्न खेळाच्या मागे लपतो, बऱ्याच जणांना दिसतच नाही. पुष्कळ वेळा खेळ जुळत नाही त्याचे कारण हेच असते.

दादाने फायरवॉलच्या यादीत जाऊन खेळाच्या नावापुढे परवानगीची खूण केली. डायरेक्टप्लेचा एक मदतनीस प्रोग्रॅम असतो, त्यालाही परवानगी दिली. तिथे प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन रकाने असतात. आमची वायर विंडोजला अनोळखी वाटत होती, आणि अनोळखी वाटेला तो पब्लिक धरतो. म्हणून त्या रकान्यात पण खूण करावी लागली.

काही जण फायरवॉल सगळी बंद करतात. तसे करू नये. राखणदार काढून टाकला, की खेळही आत येतो आणि चोरही. त्यातून विंडोज एक्सपीची दुरुस्ती तिच्या कंपनीने २०१४ सालीच थांबवली आहे. म्हणून आमचा पांढरा कॉम्प्युटर दादाने इंटरनेटला कधीच जोडला नाही.

चौथी अडचण आवृत्तीची

पाडव्याला काळ्याच्या यादीत पांढऱ्याचा खेळ दिसला. मी उडीच मारली. पण आत जायला गेलो तर आत घेईना. दादाने दोन्हीकडचा खेळाचा आकडा बघितला. पांढऱ्यावर कॉन्करर्स १.०, काळ्यावर १.० सी. नाव एक पण आवृत्ती वेगळी. बाईंच्या पुस्तकात धडा बारावा आणि माझ्या जुन्या पुस्तकात तोच दहावा, असं झालं तर वर्ग कसा चालेल? दादाच्या पेनड्राइव्हमध्ये १.० सी ची दुरुस्ती होती, ती त्याने पांढऱ्यात घातली.

आवृत्ती एकच का लागते हे दादाने सांगितले, ते मला फार आवडले. मला वाटायचे की एक कॉम्प्युटर दुसऱ्याला सगळे चित्र पाठवतो. तसे नसते. हा खेळ श्रुतलेखनासारखा चालतो. बाई शब्द सांगतात आणि आपण आपापल्या वहीत लिहितो. बाई वही पाठवत नाहीत, फक्त शब्द येतो. तसेच इथे "हा गावकरी लाकूड तोडायला गेला" एवढा हुकूमच वायरीतून जातो, आणि दोन्ही कॉम्प्युटर आपापल्याकडे तो पुरा करतात. म्हणून शेकडो तिरंदाज असले तरी वायरीतून थोडेच जाते. खेळ बनवणाऱ्या दोघांनी हे २००१ साली लेख लिहून सांगितले. त्या लेखाच्या नावातच दीड हजार तिरंदाज आहेत. पण एकाच्या वहीत वेगळा शब्द पडला, की दोन वह्या जुळत नाहीत. मग खेळ आउट ऑफ सिंक असे म्हणून थांबतो.

आणखी एक. श्रुतलेखनात जो हळू लिहितो त्याच्यासाठी सगळा वर्ग थांबतो. या खेळातही सुमारे दर पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाला एक पाळी असते आणि हुकूम दोन पाळ्यांनंतर पुरा होतो. एक कॉम्प्युटर मागे राहिला, की बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. म्हणून खेळ अडखळत असेल तर नेहमी वायरीला दोष देऊ नये. सर्वांत जुना कॉम्प्युटर बघावा, छोटा नकाशा घ्यावा आणि माणसे कमी ठेवावीत. आमचा पांढरा हळू आहे, म्हणून आम्ही छोटा नकाशा घेतो.

जुन्या भाषेची गोष्ट

खेळात जोडायच्या पद्धतींची यादी येते. त्यात टीसीपी/आयपी असते आणि आयपीएक्स पण असते. या दोन भाषा आहेत. नोव्हेल नावाच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये आयपीएक्स बोलत असत. जुने खेळ ती भाषा बोलायचे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ती काढून टाकली. म्हणून एक्सपीला ती येते आणि विंडोज दहाला येत नाही. एकाने आयपीएक्स आणि दुसऱ्याने टीसीपी/आयपी निवडले तर भेट होणारच नाही. दोघांनीही टीसीपी/आयपीच निवडावे. ज्या खेळाला फक्त आयपीएक्स येते, त्याच्यासाठी आयपीएक्सरॅपर नावाचा दुभाषा मिळतो. विंडोजच्या आधीच्या डॉसवरच्या खेळांसाठी डॉसबॉक्स असतो, त्याच्यात दुभाषा आधीपासूनच असतो.

दादाने डूमची पण गोष्ट सांगितली. तो खेळ डिसेंबर १९९३ मध्ये निघाला. चार जण आयपीएक्सवर खेळायचे. पण पहिल्या आवृत्तीत प्रत्येक लहानसहान हालचालीची दवंडीच दिली जायची. जे खेळत नव्हते त्यांच्या कॉम्प्युटरलाही ती ऐकावी लागायची. त्यामुळे कॉलेजांची आणि कचेऱ्यांची नेटवर्क तुंबू लागली आणि काही ठिकाणी खेळावर बंदी आली. १९९४ च्या १.२ आवृत्तीत ते दुरुस्त केले. आबा हे ऐकून हसले. म्हणाले, "रोज उठून दवंडी दिली तर लोक कोतवालाला मारतील."

भाऊबीज आणि त्यानंतर

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर आम्ही बसलो आणि लाईट गेली. ती रात्री दहाला आली. आई म्हणाली, "आता झोपा." पण बाबाच म्हणाले, "राहू दे, एक डाव खेळू दे." आम्ही एक डाव खेळलो. मी हरले. दादाने माझी शेतं मात्र जाळली नाहीत. सकाळच्या एसटीने तो पुण्याला गेला.

पंधरा दिवसांनी मी आणि माझी मैत्रीण खेळायला बसलो तर यादी पुन्हा रिकामी. बाबा भंगारवाल्याचे नाव काढतील म्हणून मी गप्प बसले. दादाला फोन करावासा वाटला. पण तो कामावर असणार. मग मी वहीत लिहिलेले एकेक बघितले. वायरीचा दिवा चालू. पत्ते बरोबर. पिंगला ओ येते. राखणदाराची खूण आहे. आवृत्ती तीच. मग काय राहिलं?

तेवढ्यात मला काळ्याच्या पाठीमागे एक छोटी काडी खोचलेली दिसली. काकांनी पीक विम्याचा अर्ज भरायला वायफायची काडी लावली होती आणि मोबाइलचे नेट घेतले होते. ती तशीच राहिली होती. म्हणजे काळ्याला दोन वेशी झाल्या होत्या, आणि तो मोबाइलच्या वेशीत जाऊन दवंडी देत होता. तिथे खेळ मांडणारे कोणीच नव्हते. पिंगला आपण पत्ता सांगतो म्हणून ती बरोबर जाते, दवंडीला पत्ता नसतो. मी काकांना विचारून काडी काढली आणि खेळ पुन्हा सुरू केला. यादीत नाव आलं! मैत्रीण म्हणाली, "तू डॉक्टरीणबाईच झालीस."

म्हणून कोणाकडे असे झाले तर या क्रमाने बघावे:

१. वायरीचा दिवा लागला का?
२. पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा आहे का?
३. दोन्हीकडून पिंग करून बघावे. एकीकडून जरी ओ आली तरी वायर चांगली आहे.
४. वायफाय किंवा दुसरी वाट उघडी आहे का? असल्यास बंद करावी.
५. डायरेक्टप्ले चालू आहे का?
६. फायरवॉलने खेळाला परवानगी दिली आहे का? खेळाच्या मागे लपलेली खिडकी आहे का?
७. दोघांची आवृत्ती आणि जोडायची पद्धत एकच आहे का?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. दोन बदलल्या तर कशाने बरे झाले ते कळत नाही. मोठ्या माणसांना विचारल्याशिवाय काही दाबू नये, आणि दाबले तर लगेच सांगावे. हे मी अनुभवाने सांगते.

पालकांना विनंती आहे, की जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नये. आमच्या बाबांनी दिला नाही. आता कधीकधी तेच पांढऱ्यावर बसतात आणि म्हणतात, "मेंढरं कुठं सापडतात गं?"

संध्याकाळी मी दादाला फोन करून सगळे सांगितले. दादा म्हणाला, "शाब्बास! आता मी नसलो तरी चालतंय." मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालतोय. तू मे महिन्यात ये. अजून एक डाव राहिलाय."

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी